कोशकार मोल्सवर्थ

परकी भाषा शिकू पाहणाऱ्या मनुष्याला पहिली अडचण पडते ती शब्दांची. व्याकरणाचे नियम मोजके असतात. मन लावून अभ्यास केला, तर ते काही महिन्यांत हाती येतात. शब्दांचे तसे नाही. ते असंख्य असतात, एकेका शब्दाला अनेक अर्थ असतात, आणि कोणता अर्थ कोठे योजावा हे नुसत्या पाठांतराने कळत नाही. आज ही अडचण आली की विद्यार्थी शब्दकोश उघडतो आणि क्षणभरात आपले काम साधतो. परंतु त्या कोशातील प्रत्येक शब्द कोणीतरी, केव्हातरी, कोणाच्या तरी तोंडून ऐकून, पारखून आणि त्याचा अर्थ निश्चित करून तेथे मांडलेला असतो, ह्याची जाणीव फार थोड्यांना असते. मराठी व इंग्रजी ह्या दोन भाषांमधला हा सेतू ज्यांनी बांधला, त्यांत जेम्स टॉमस मोल्सवर्थ ह्यांचे नाव अग्रभागी आहे.

मोल्सवर्थ ह्यांचा जन्म १५ जून १७९५ रोजी झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी सेवेत दाखल होऊन हिंदुस्थानात आले. ज्या वयात मुले पाठशाळेत असतात, त्या वयात हा मुलगा घरापासून हजारो कोस दूर, अनोळखी हवेत आणि अनोळखी माणसांत येऊन पडला. अशा तरुण अधिकाऱ्यांपैकी पुष्कळजण फावला वेळ शिकारीत व पत्ते खेळण्यात घालवीत. मोल्सवर्थ ह्यांच्या मनाचा ओढा मात्र निराळा होता. ज्या लोकांमध्ये राहावयाचे त्यांची भाषा आपल्याला आली पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. आणि ती केवळ हुकूम देण्यापुरती नव्हे, तर त्या लोकांचे मन कळण्याइतकी आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

१८१८ साली पेशवाईचा अस्त झाला आणि महाराष्ट्राचा कारभार कंपनीच्या हाती गेला. गावोगावचे अर्ज, जमीनमहसुलाची दप्तरे, वतनांचे तंटे हे सर्व मराठीत होते. ते वाचून न्याय द्यावयाचा, तर नव्या अधिकाऱ्यांना मराठी येणे अगत्याचे होते. मात्र ती शिकण्याची साधने फारच अपुरी होती. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी ह्यांनी १८१० साली मराठीचा एक कोश छापला होता. त्यात मराठी शब्द मोडी लिपीत दिले होते. पण तो महाराष्ट्रापासून फार दूर सिद्ध झाला होता. पुढे १८२४ साली व्हॅन्स केनेडी ह्यांचा कोश निघाला, तोही लहानच होता. कुणबी, सुतार, लोहार, कोळी ह्यांच्या तोंडी नित्य असणारे कितीतरी शब्द त्या कोशांत सापडत नसत. रयतेचा शब्द अधिकाऱ्याला कळला नाही, तर रयतेची तक्रारही त्याला कळत नसे. शब्दाचा एक चुकीचा अर्थ एखाद्या गरिबाच्या शेतावर किंवा घरावर आघात करू शके.

ह्याच सुमारास सोलापूर येथे असताना मोल्सवर्थ ह्यांनी मराठी शब्दांचा एक संग्रह करावयास आरंभ केला. प्रथम तो केवळ स्वतःच्या उपयोगासाठी होता. परंतु संग्रह वाढत गेला, तसा ह्या कामाचा विस्तार त्यांच्या ध्यानात आला. हे एकट्याचे काम नव्हे. त्याला सरकारचा आश्रय आणि विद्वानांचे साहाय्य हवे, हे ओळखून त्यांनी मुंबई सरकारकडे विनंती केली. ती लगेच मान्य झाली नाही. तथापि त्यांनी आपला संकल्प सोडला नाही. पुढे १८२५ च्या सुमारास सरकारने होकार दिला आणि मराठी शब्दांच्या पद्धतशीर संग्रहास प्रारंभ झाला. ह्या कार्यात टॉमस कँडी व जॉर्ज कँडी हे दोघे जुळे बंधू त्यांचे सहकारी झाले. तेही लष्करी सेवेतच होते.

मोल्सवर्थ ह्यांच्या थोरवीची खूण अशी, की परकी भाषेचा कोश आपण एकट्याने, आपल्या बुद्धीच्या बळावर रचू, असा अहंकार त्यांनी बाळगला नाही. मराठी ज्यांची मातृभाषा होती, अशा शास्त्रीपंडितांचे साहाय्य ह्या कामी घेण्यात आले. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले ह्या विद्वानांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केलेला मराठीचा मराठी कोश १८२९ साली प्रसिद्ध झाला. मराठी शब्दांचे अर्थ मराठीतच सांगणारा हा मोठा कोश पुढे पंडितांचा कोश म्हणून ओळखला जाऊ लागला. मोल्सवर्थ ह्यांच्या मराठी-इंग्रजी कोशाला ह्या पंडितांच्या व्यासंगाचा भक्कम आधार मिळाला. इंग्रज अधिकारी आणि मराठी शास्त्री एकेका शब्दावर तासन् तास विचार करीत. तो देशावर बोलतात की कोकणात, पोथीत आढळतो की बाजारात, त्याचे मूळ संस्कृतात आहे की फारसीत, ह्या सर्व गोष्टींची छाननी होई.

कोणत्याही शब्दाचा अर्थ सांगताना दुसऱ्या भाषेतील एक प्रतिशब्द लिहून दिला म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत किती अपुरी आहे, हे साध्या शब्दांवरूनही दिसून येते. मराठीतील मोडणे ह्या क्रियापदाला इंग्रजीत ब्रेक हा शब्द आहे, एवढेच ज्याने पाठ केले, तो हाड मोडले हे वाक्य बरोबर सांगेल. परंतु शंभर रुपयांची नोट मोडावयाची झाली, म्हणजे तो अडेल. कारण तेथे इंग्रज मनुष्य चेंज हा शब्द योजतो. लग्न मोडते, सवय मोडते आणि रांगही मोडते. ह्या प्रत्येक ठिकाणी त्या एकाच शब्दाची छटा पालटते. म्हणून शब्दाबरोबर त्याचे वाक्य दिले पाहिजे. वाक्यात ठेवल्यावाचून शब्दाची ओळख पटत नाही, हे कोशकाराच्या शास्त्रातील पहिले तत्त्व होय.

समानार्थी शब्दांचीही हीच गोष्ट आहे. गळणे, पाझरणे, ठिबकणे, सांडणे हे सारे शब्द द्रवाच्या बाहेर येण्याविषयीचे आहेत. तरी पावसाळ्यात छप्पर गळते, मातीचा माठ पाझरतो, नळ ठिबकतो आणि लहान मुलाच्या हातून दूध सांडते. छप्पर सांडते असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही लीक, ऊझ, ड्रिप, स्पिल असे वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. समानार्थी शब्द एकाच कुटुंबातील भावंडांसारखे असतात. त्यांची चेहरेपट्टी सारखी असली, तरी स्वभाव निरनिराळे असतात. ते शेजारीशेजारी ठेवून पाहिले, म्हणजेच त्यांच्यातील भेद स्पष्ट होतो.

विरुद्धार्थी शब्दांनी तर अर्थाची परीक्षाच होते. ओझे हलके असेल, तर त्याच्या उलट जड. जमीन हलकी असेल, तर त्याच्या उलट भारी. झोप हलकी असेल, तर त्याच्या उलट गाढ. माल हलका असेल, तर त्याच्या उलट उंची. शब्द एक, परंतु त्याचे विरोधी चार; ह्याचा अर्थ असा, की त्या एका शब्दाच्या पोटात चार अर्थ दडलेले आहेत. इंग्रजीतील लाइट शब्दाची गत अशीच आहे. ओझ्याविषयी बोलताना त्याच्या विरुद्ध हेवी येतो, तर रंगाविषयी बोलताना डार्क येतो. व्याख्या, समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द आणि उदाहरणाचे वाक्य ह्या चार बाजूंनी शब्दाला भिडणाऱ्यालाच तो शब्द वश होतो.

मोल्सवर्थ ह्यांच्या कोशात ह्या दृष्टीचा प्रत्यय ठायी ठायी येतो. एका मराठी शब्दासाठी ते अनेक इंग्रजी शब्द देतात. त्यांपैकी कोणता कोठे लागू पडतो ते समजावून सांगतात. म्हणी आणि वाक्प्रचार नोंदवितात. आणि शब्द संस्कृत, अरबी, फारसी किंवा हिंदुस्तानी मुळाचा असेल, तर तशी खूण करतात. शेताच्या बांधावरचे, चुलीजवळचे, गोठ्यातले आणि बाजारातले शब्द त्यांनी तुच्छ मानून वगळले नाहीत. त्यांच्या मते भाषा ही केवळ पंडितांची नव्हती. ती बोलणाऱ्या सर्व लोकांची होती. ह्या वृत्तीमुळेच, जे शब्द पुढे काळाच्या ओघात लोकांच्या तोंडून नाहीसे झाले, ते ह्या कोशात सुरक्षित राहिले.

१८३१ साली मोल्सवर्थ ह्यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.  पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी मुंबईस दर्पण हे नियतकालिक सुरू केले. त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी छापला जात असे. दोन भाषांची अशी गाठ पडत असतानाच हा कोश लोकांच्या हाती आला, हा मोठा योग म्हटला पाहिजे.

मराठीकडून इंग्रजीकडे जाण्याचा मार्ग तयार झाला. आता इंग्रजीकडून मराठीकडे येण्याचा मार्ग हवा होता. मोल्सवर्थ ह्यांनी इंग्रजी-मराठी कोशाची योजना आखली आणि कामास हातही घातला. परंतु दीर्घकाळच्या परिश्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली. १८३६ साली त्यांना काम अर्ध्यावर टाकून मायदेशी परतावे लागले. हाती घेतलेले कार्य अपुरे सोडून जाताना त्या कष्टाळू मनुष्यास किती यातना झाल्या असतील, ह्याची कल्पना करता येते. ह्याच काळात त्यांच्या आयुष्यात आणखी एक मोठे परिवर्तन घडले. ते अत्यंत धर्मनिष्ठ होते. शस्त्र धारण करण्याचा व्यवसाय आपल्या धर्माच्या शिकवणुकीशी विसंगत आहे, अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी लष्करी सेवेचा राजीनामा दिला. जी गोष्ट मनाला पटली नाही, ती लाभाची असली तरी सोडावयाची, हा त्यांचा बाणा होता.

अर्धवट राहिलेला कोश टॉमस कँडी ह्यांनी पुढे चालविला. त्यांचे बंधू जॉर्ज हे धर्मोपदेशाच्या कार्याकडे वळले. टॉमस मात्र कोशाशी एकनिष्ठ राहिले. १८३७ पासून पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे होती. १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. त्याची योजना व आरंभ मोल्सवर्थ ह्यांचा, आणि पूर्तता कँडी ह्यांची, असे त्याच्या मुखपृष्ठावरच नमूद करण्यात आले. श्रेयाची एवढी प्रामाणिक वाटणी विद्वानांतही विरळाच आढळते. मराठी लेखनात स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह इत्यादी विरामचिन्हे रूढ करण्याच्या कामीही ह्याच कँडी ह्यांनी पुढाकार घेतला होता.

इकडे मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध होऊन वीस वर्षे लोटली होती. शाळा वाढल्या होत्या, छापखाने निघाले होते, आणि भाषेत नवे शब्द रूढ झाले होते. कोशाची सुधारलेली आवृत्ती काढणे अवश्य झाले. ह्या कामासाठी सरकारला पुन्हा मोल्सवर्थ ह्यांचीच आठवण झाली. त्या वेळी त्यांनी वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली होती. एकदा ज्या हवेने आणि ज्या श्रमांनी प्रकृती खालावली, त्याच हवेत तेच श्रम पुन्हा करावयाचे होते. आपला पहिला कोश सर्वांनी वाखाणला आहे, तेव्हा आता स्वस्थ बसावे, असे त्यांना म्हणता आले असते. परंतु १८५१ साली ते समुद्र ओलांडून परत आले.

दुसऱ्या आवृत्तीचे काम म्हणजे जुन्या पुस्तकाला चार नवी पाने जोडणे नव्हते. मोल्सवर्थ ह्यांनी आपलाच जुना कोश पुन्हा तपासून काढला. अर्थ सुधारले, उदाहरणे वाढविली, हजारो नवे शब्द मिळविले. दोन्ही कँडी बंधूंचे साहाय्य ह्याही वेळी त्यांना लाभले. मुंबईचे विद्वान धर्मोपदेशक डॉ. जॉन विल्सन ह्यांनी मराठी भाषेची घडण आणि तिचा प्रसार ह्यांविषयी एक अभ्यासपूर्ण प्रकरण कोशास जोडले. सहा वर्षांच्या अखंड परिश्रमानंतर १८५७ साली ही आवृत्ती मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून बाहेर पडली. तिची पृष्ठसंख्या नऊशेहून अधिक होती आणि शब्दसंख्या सुमारे ६०,००० होती. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. नव्या विद्येचे दार उघडले, त्याच वेळी त्या विद्येच्या भाषेकडे नेणारा हा कोशही वाचकांच्या हाती आला.

मुळात हा कोश इंग्रजांना मराठी शिकता यावी म्हणून रचला गेला. परंतु मराठी मुलांनी त्याचा उपयोग उलट दिशेने केला. आपल्या ओळखीच्या मराठी शब्दाचा हात धरून ती मुले अनोळखी इंग्रजी शब्दापर्यंत जाऊन पोहोचू लागली. तथापि एवढा मोठा ग्रंथ विकत घेणे सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. ही उणीव बाबा पदमनजी ह्यांनी दूर केली. पहिली आवृत्ती निघाली त्याच १८३१ साली जन्मलेल्या ह्या मराठी ग्रंथकाराने मोल्सवर्थ ह्यांच्या कोशाचा संक्षेप करून तो १८६३ साली प्रसिद्ध केला. मराठीतील समानार्थी शब्दांचा शब्दरत्नावली हा संग्रहही त्यांनीच १८६० साली सिद्ध केला होता. अशा रीतीने पंडितांनी आणि मोल्सवर्थ ह्यांनी लावलेल्या वृक्षाची फळे शाळेतील मुलांच्या हाती पडली.

दुसरी आवृत्ती पूर्ण झाल्यावर मोल्सवर्थ मायदेशी गेले ते कायमचेच. १३ जुलै १८७१ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे देहावसान झाले. महाराष्ट्रातील लोक त्यांना आदराने मोलेसरशास्त्री म्हणत. परक्या मुलखातून आलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याला लोकांनी शास्त्री ही पदवी द्यावी, ह्याहून मोठा सन्मान कोणता? ही पदवी सरकारने दिलेली नव्हती; ती लोकांच्या प्रेमातून मिळालेली होती.

मोल्सवर्थ ह्यांचा कोश अद्यापही जुना झालेला नाही. १९७५ साली पुण्यात त्याचे पुनर्मुद्रण झाले. पुढे शिकागो विद्यापीठाने त्याचे संगणकीय रूप सिद्ध करून ते सर्वांना विनामूल्य खुले केले. आज जगाच्या पाठीवर कोठेही बसलेला अभ्यासक त्यातील शब्द शोधू शकतो.

कोशकाराची दृष्टी केवळ ग्रंथालयातच उपयोगी पडते असे नाही. पुण्याच्या शेजारी पिंपरी-चिंचवड आणि चाकण ह्या भागात आज लहानमोठे असंख्य कारखाने उभे आहेत. तेथील घराघरांत इंग्रजी शब्द नित्याचे झाले आहेत. वडिलांची शिफ्ट म्हणजे पाळी हे तेथील मुलांना ठाऊक असते. परंतु तोच शब्द वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविणे ह्या अर्थीही येतो. शाळेच्या मैदानावर ड्रिल म्हणजे कवायत, तर कारखान्यात ड्रिल म्हणजे छिद्र पाडण्याचे यंत्र. गाडीचा ब्रेक तिची गती रोखतो, आणि कामातला ब्रेक म्हणजे मधली सुट्टी. उच्चार एकच असला, तरी इंग्रजीत ह्या दोन शब्दांची अक्षरे भिन्न आहेत. हे शब्द नुसते कानांवर पडू देणारा मुलगा त्यांचा एकेकच अर्थ जाणतो. जो थांबून त्यांची व्याख्या पाहतो, त्यांचे सोबती आणि विरोधी शोधतो, आणि त्यांना स्वतःच्या वाक्यांत योजून पाहतो, तो त्या शब्दांचा धनी होतो. यंत्रावर लिहिलेली सूचना अचूक समजणे किंवा न समजणे ह्यावर तेथे मनुष्याचा हात आणि जीवही अवलंबून असतो. दोनशे वर्षांपूर्वी चुकीच्या अर्थामुळे रयतेचे नुकसान होई. आजही शब्दाच्या अज्ञानाचे मोल मनुष्यालाच द्यावे लागते.

मोल्सवर्थ ह्यांनी रणांगणावर कोणता पराक्रम केला, हे आज कोणाच्या स्मरणात नाही. त्यांच्या पलटणीचा लौकिकही काळाच्या उदरात गडप झाला. उरला आहे तो त्यांनी वेचून ठेवलेला शब्दांचा ठेवा. सोलापूरच्या छावणीत स्वतःपुरत्या केलेल्या एका लहानशा संग्रहापासून त्याचा आरंभ झाला होता. एकेक शब्द विनयाने विचारून घ्यावा, चारही बाजूंनी पारखावा आणि चूक आढळली तर स्वतःचेच लिखाण पुन्हा सुधारावे, ह्या साध्या नियमाने त्या लहान संग्रहाचा साठ हजार शब्दांचा कोश झाला. दुसऱ्याची भाषा आदराने शिकणारा मनुष्य त्या भाषेच्या लोकांनाही आपलासा होतो, हेच मोल्सवर्थ ह्यांच्या चरित्राचे सार होय.